पाकीट नको, पातेलं घ्या: राजारामपुरीतल्या शरीरशुद्धी प्रकल्पाच्या नोंदी

१० जून

कोल्हापुरात आमच्या भिशीत सध्या एकाच चहाची चर्चा आहे. हिरव्या पाकिटावर बांबू, खाली ड्रॅगन आणि 'प्राचीन चिनी शास्त्र, शरीरातील विष बाहेर' अशी ग्वाही. रात्री झोपताना एक पुडी गरम पाण्यात टाकायची, सकाळी पोट साफ आणि काट्यावर किलोभर वजन कमी. कोण नको म्हणेल? आज एक वहिनी ते पाकीटच घेऊन माझ्याकडं आल्या. "ताई, तुम्ही आहाराचं बघतासा. घेऊ का नको, एकदाच सांगून टाका."

मागच्या बाजूची यादी भिंगानं वाचावी लागली. सोनामुखी, रेवंदचिनी, ज्येष्ठमध, ग्रीन टी आणि 'इतर वनस्पती'. परवाना क्रमांक कुठंच नाही.

सोनामुखी आपल्याच देशात, तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडं मुबलक पिकते. बद्धकोष्ठावर दोन-चार दिवसांसाठी ती उत्तम औषध आहे. तिच्यातल्या सेनोसाइडवर मोठ्या आतड्यातले जिवाणू काम करतात, मग आतडं जोरानं हलायला लागतं आणि पाणी शोषून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. पण जेवणातली साखर आणि चरबी त्याच्या कितीतरी आधी लहान आतड्यात शोषून झालेली असते. काट्यावरून गेलेला तो किलो म्हणजे नुसतं पाणी आणि क्षार. दोन घोट पाणी आणि एक जेवण पोटात गेलं की परत आला. रोज घेत राहिलं तर पोटॅशियम घसरतं, आणि पुढं पुढं पुडीशिवाय पोट हलत नाही. रेवंदचिनीचा गुणही त्याच जातीचा. म्हणजे पाकिटात एकावर एक अशी दोन जुलाबाची औषधं झाली.

'घेऊ नका' एवढ्यावर थांबता येत नाही. बायका पाकिटाकडं गेल्या त्या जडपणा, जळजळ, सकाळचा थकवा आणि फुगलेलं पोट घेऊन, आणि ते सगळं त्यांच्यापाशी तसंच राहणार. म्हणून आठ आठवड्यांचं काम आखलंय. चिनी वैद्यकात खाण्यापिण्याबद्दल जे सांगितलंय त्यातलं घेण्याजोगं घ्यायचं आणि आपल्या स्वयंपाकघरात बसवायचं. अटी सुरुवातीलाच लिहून घेतल्या: चालू गोळ्या कुणी स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, घरात स्वतःपुरता वेगळा स्वयंपाक मांडायचा नाही, आणि पाकीट बंद.

१३ जून

शाहूपुरीत अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया टोचायचा चिनी उपचार, करणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडं जाऊन आले. महाराष्ट्रात या उपचाराचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणी लागते. त्यांची नोंदणी आहे, हे आधी पाहिलं. केंद्र सरकारनंही २०१९ मध्ये ही पद्धत मान्य केली.

त्यांच्या भिंतीवर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो आहे. कोटणीसांनीच सुया भारतात आणल्या असं लोकांना वाटतं. ते चीनला गेले होते १९३८ मध्ये, भारतीय वैद्यकीय पथकातून, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ मध्ये तिकडंच वारले. सुया आणल्या त्या पथकातल्याच डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात काम सुरू केलं. कोल्हापुरात बसून हे सांगताना बाईंना भारी अभिमान वाटत होता. साहजिक आहे, सोलापूर त्यांचं माहेर.

पाकीट दाखवल्यावर त्यांनी यादी वाचली आणि पहिला प्रश्न केला, "हे सगळ्यांना एकच?"

तिथूनच बोलणं रंगलं. त्यांच्या शास्त्रात आधी जीभ बघतात: रंग कसा, थर जाड का पातळ, कडांवर दातांचे ठसे आहेत का. मग दोन्ही मनगटांवर तीन तीन ठिकाणी नाडी. माणूस उष्णतेकडं झुकलेला आहे का गारठ्याकडं, अंगात भर आहे का कमतरता, हे ठरल्याशिवाय काहीच द्यायचं नाही. रेवंदचिनी तिथंही तीव्र औषध मानतात आणि उष्णता साठून पोट घट्ट झालेल्या धडधाकट माणसालाच देतात. हातपाय गार पडणाऱ्या, पातळ होणाऱ्या, अशक्त बाईला ती वर्ज्य. 'उष्णता काढणे, विष उतरवणे' असा औषधांचा एक वर्ग आहे खरा, पण तो प्रामुख्यानं ताप, सुजलेला घसा आणि पू झालेली गळवं यांच्यासाठी. रोजच्या जेवणाचा गाळ शरीरात साठतो आणि तो महिनाभर चहा पिऊन धुवायचा, ही कल्पना त्यांच्या शिक्षणात कुठंच नव्हती.

माझं मत त्यांना तोंडावर सांगितलं. अंगातून वाहणारी ऊर्जा, तिच्या वाहिन्या, हे मला शरीरशास्त्र म्हणून पटत नाही. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि यकृत औषधांपासून दारूपर्यंत सगळं मोडून पाण्यात विरघळेल असं करतं. त्यांना झाडलोटीसाठी बाहेरून माणूस लागत नाही. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही जेवणाचं घ्या, मी सुयांचं बघते. काढे कुणालाच द्यायचे नाहीत." त्यावर ठरलं.

पाकीट चिनी शास्त्राच्या नावानं विकतात आणि त्या शास्त्राच्या पहिल्याच कसोटीला ते उतरत नाही. बायकांना हेच सांगायचं. माझ्या रसायनशास्त्रापेक्षा हे त्यांना लवकर पटेल.

१५ जून

लक्ष्मीपुरीत काष्ठौषधीच्या दुकानात. काकांना चिनी यादी वाचून दाखवली तर हसायला लागले. "चायनाचं म्हणून वेगळं काय मागतासा? सुंठ, दालचिनी, बडीशेप, ज्येष्ठमध तिकडं बी हेच हाय की." बरोबरच आहे. आपल्या मसाल्यातलं चक्रीफूल मूळचं दक्षिण चीनच्या टापूतलं, आणि बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुतेक वेळा तिकडच्याच झाडाची असते.

तिकडच्या लाल वाळक्या गोजी बेरी सुक्या मेव्याच्या दुकानात मिळाल्या. भाव ऐकून परत ठेवल्या. काळ्या मनुकांवर भागवू.

शेवटी बायकांसाठी एक पत्रक छापायचंय, त्यात शेवंतीच्या चहाबद्दल ठळक ओळ हवी. चीनमध्ये शेवंतीची फुलं पिण्यासाठी वेगळी पिकवतात आणि वाळवतात. आपल्या महाद्वार रोडवर हारासाठी येते त्या शेवंतीवर कीटकनाशकाच्या फवारण्या झालेल्या असतात. एका मावशींनी व्हिडिओ बघून देवाला वाहिलेलीच फुलं वाळत घातली होती. शरीरशुद्धीसाठी कीटकनाशकाचा काढा!

१८ जून

पहिली बैठक. दहा-बाराजणी आल्या. जाहिरात केली नव्हती, तरी 'चायनीज' ऐकून एकीच्या मुलानं विचारलंच, मंच्युरियन मिळणार काय म्हणून.

काम एकच दिलं. तीन दिवस तोंडात जे जे जाईल ते वहीत लिहायचं. चहा, पापडाचा तुकडा, मुलाच्या ताटातलं उरलेलं, गोळी, सगळं. त्यावर शिवाजी पेठेतल्या आक्का मागून म्हणाल्या, "मिश्री धरायची काय त्यात?"

कुणी हसलं नाही, कारण अजून दोघी मिश्री लावतात हे सगळ्यांना माहीत होतं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, बारीक कुटून हिरड्यांना चोळायची. दात घासणं म्हणून सुरू होतं आणि दिवसातून पाच-सहादा होतं. निकोटीन तर तोंडाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातंच, शिवाय तंबाखूतली कर्करोग करणारी नायट्रोसामाइन द्रव्यं तोंडात मुरत राहतात. पाकिटावर ज्या विषाचं नाव नव्हतं ते आक्कांच्या डबीत होतं.

धरायची म्हणून सांगितलं.

२२ जून

वह्या तपासल्या. साखर मुख्यतः चहातून येते. वेळेगणिक कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे. मीठ येतं फरसाण, लोणचं, पापड आणि मिसळीच्या कटातून. रात्रीचं जेवण दहाच्या पुढं, मालिका संपल्यावर. आणि न मागता सापडलेली गोष्ट म्हणजे गुडघेदुखीच्या गोळ्या. चौघीजणी त्या रोज घेतात, चिठ्ठीशिवाय, दुकानदाराला विचारून. मूत्रपिंडाला खरा त्रास होतो तो अशा गोळ्यांनी, जेवणानं नव्हे. चौघींना त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यायला सांगितलं, मूत्रपिंड नीट गाळतंय का ते त्यावरून कळतं.

२५ जून

मंगळवार पेठेत एका वहिनींच्या स्वयंपाकघरात पहिला प्रयोग. चिनी आहारातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे सकाळचं गरम, पातळ, शिजलेलं खाणं. उत्तर चीनमध्ये सकाळी राळ्याची पेज पितात. राळे हे धान्य मुळात माणसानं लागवडीखाली आणलं ते तिकडंच, काही हजार वर्षांपूर्वी. आपल्याकडं भोगीला राळ्याचा भात करतात, एरवी ते डब्यात पडून असतात. भोगीचे उरलेले राळे वहिनींकडं होतेच.

पहिलं पातेलं: एक वाटी राळे, दहा वाट्या पाणी, आल्याचा तुकडा, मीठ नावाला. मंद आचेवर पाऊण तास. चव घेतल्यावर सगळ्यांचं एकमत झालं, हे आजाऱ्याचं जेवण आहे. "माझा नवरा हे बघून हाटेलात जाईल," वहिनी म्हणाल्या.

दुसरं पातेलं: अर्धी वाटी राळे, अर्धी वाटी मुगाची सालाची डाळ, आठ वाट्या पाणी, आलं. शिजल्यावर वरून चमचाभर तुपात जिरं, लसूण, कढीपत्ता यांची फोडणी आणि ताटाच्या कडेला कांदा-लसूण चटणी, चिमूटभर. हे संपलं. जोंधळ्याच्या कण्या ज्यांनी खाल्ल्यात त्यांना पटायला वेळ लागला नाही. मूग घातल्यानं प्रथिनंही आली. नुसत्या पेजेवर अकरा वाजता भडंगाचा डबा उघडला जातो, हे मला ठाऊक आहे.

हिरव्या मुगाचं पाणी हा चिनी घरांतला उन्हाळ्यातला उपाय: अख्खे मूग थोडा वेळ उकळायचे, हिरवट पाणी गाळून प्यायचं. त्यांच्या हिशेबात ते गार. बाहेर धो धो पाऊस चालू असताना त्याकडं कुणी बघेना. ऑक्टोबरसाठी राखून ठेवलं.

कच्च्या कोशिंबिरीवरून वाद झाला. दोघीजणी वजनासाठी रात्री नुसती काकडी-गाजराची बशी खातात आणि मग पोट फुगतं म्हणून तक्रार करतात. डॉक्टरबाईंचं म्हणणं, पावसाळ्यात गार आणि कच्चं कमी, शिजलेलं जास्त. कारण वेगळं देऊन मीही तेच म्हणेन. या दिवसांत पाण्यातून कावीळ पसरते, तेव्हा भाजी वाफवून खाणंच बरं. दोडका, दुधी, पडवळ, वरून लसणीची फोडणी.

दुधाबाबत मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. चिनी पद्धतीत दूध, गोड आणि तळलेलं यांनी अंगात ओल साठते म्हणतात. तळलेलं आणि गोड कमी केलं, दूध ठेवलं. आमच्यातल्या निम्म्या जणी शाकाहारी, चाळिशीच्या पुढच्या. त्यांच्या जेवणात दूध-ताक काढलं तर कॅल्शियम आणायचं कुठून? गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून उभ्या उभ्या दूध पिणारं हे गाव आहे. फक्त उकळून प्या, एवढंच माझं म्हणणं.

२ जुलै

एका प्रदर्शनात पाय बुडवून विष काढायचं यंत्र आलंय. टबात कोमट पाणी, मीठ, मध्ये एक गोल जाळी, तिला वीज. अर्ध्या तासात पाणी गढूळ तपकिरी होतं, वर फेस. मागं तळपायाच्या बिंदूंचा चिनी तक्ता लावलेला. पिवळा रंग आला तर मूत्रपिंड, तपकिरी म्हणजे यकृत, काळे ठिपके म्हणजे जड धातू. आमच्यातल्या दोघी पैसे देऊन बसून आल्या आणि पाण्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. फोटो बघून बाकीच्या घाबरल्या.

समजावत बसण्यापेक्षा करून दाखवणं सोपं होतं. उद्यमनगरात प्लेटिंगचं काम करणारे एक दादा ओळखीचे आहेत. त्यांना विचारलं तर त्यांनी मान हलवली. "म्याडम, ह्यो तर आमचा रोजचा धंदा. ह्यात पाय कशाला पायजेत?" त्यांच्या शेडमध्ये प्लास्टिकची बादली, मूठभर मीठ, लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि बॅटरी चार्जरचे बारा व्होल्ट. बायका गोल करून उभ्या. पाय कुणाचाच नाही.

थोड्याच वेळात एका पट्टीपासून हिरवट-पिवळे ढग निघाले, मग ते तपकिरी झाले, दुसऱ्या पट्टीवर बुडबुडे आणि वर तोच फेस. धन बाजूचं लोखंड विरघळतं, पाण्यात त्याचा गंज होतो, ऋण बाजूला हायड्रोजन सुटतो. मीठ जास्त टाकलं की रंग गडद. दादांनी मूठभर अजून टाकून तेही दाखवलं. पैसे भरून आलेल्या एक काकू बराच वेळ बादलीकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ह्या बादलीचं यकृत लई बिघडलंय वाटतं."

रात्री तळपायाला चिकटवायच्या पट्ट्यांचंही असंच. त्यात बांबू किंवा लाकडाचं व्हिनेगर वाळवून भरलेलं असतं. ओल लागली की काळं पडतं. वाफेवर धरली तरी पडते. अमेरिकेत अशा पट्ट्या विकणाऱ्यांवर तिथल्या व्यापार आयोगानं २००९ मध्येच खटला भरला होता.

५ जुलै

रात्रीचं जेवण आठला आणणं सगळ्यात अवघड जातंय. घरातले पुरुष दुकान बंद करून येणार दहाला. तोडगा: संध्याकाळी सातला पेजेची वाटी, दहाला घरच्यांबरोबर अर्धी भाकरी आणि भाजी. सातपैकी चार दिवस जमलं तरी चालेल.

१२ जुलै

एका वहिनींचं बीपी आटोक्यात येईना. गोळी वेळेवर, लोणचं-पापड बंद, वहीत काहीच वावगं नाही. डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, पाण्याच्या बाटलीत काय आहे? ज्येष्ठमधाच्या कांड्या. जूनमध्ये खोकला झाला तेव्हापासून दिवसभर तेच पाणी, 'घशाला बरं' म्हणून. वहीत तिनं 'पाणी' एवढंच लिहिलं होतं.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला अडवतं. मग शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम सोडतं आणि रक्तदाब चढतो. गोळी एका बाजूनं ओढते, कांडी दुसऱ्या बाजूनं. चिनी काढ्यांत ज्येष्ठमध फार ठिकाणी असतो, बाकीच्या औषधांचं जमवून देणारा म्हणून, पण तिथं तो मोजून आणि ठरलेल्या दिवसांपुरता. त्या हिरव्या पाकिटातही तो होता, हे विसरून चालणार नाही: जुलाबानं जाणारं पोटॅशियम आणि त्यावर ज्येष्ठमधानं जाणारं. वहिनींच्या डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्यांनी रक्तातले क्षार तपासायला सांगितले आणि कांड्या बंद केल्या.

१६ जुलै

मिश्रीचं काम. यावर सविस्तर लिहिते, कारण अ‍ॅक्युपंक्चरच्या जगात 'डिटॉक्स' म्हणतात ते मुळात हेच.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये डॉ. एच. एल. वेन हे मेंदूचे शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या वेदनेसाठी सुयांना वीज जोडून बघत होते. त्यांच्या रुग्णांत अफूचे व्यसनी होते. त्यांनी आपणहून सांगितलं की अफू न मिळाल्याची तडफड सुया लावल्यावर कमी होते. ते वाचून न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समधल्या लिंकन रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी हे सुरू झालं. पुढं वीज गेली, कानावर पाच बिंदू ठरले आणि १९८५ मध्ये तिकडं या पद्धतीची राष्ट्रीय संघटनाच उभी राहिली. खुर्च्या गोल मांडायच्या, सगळ्यांनी कानात सुया घालून गप्प बसायचं, कुणी प्रश्न विचारायचे नाहीत.

तंबाखू सुटण्यासाठी या सुयांचा फायदा टिकून राहतो असं चाचण्यांमधून ठामपणे दिसलेलं नाही. आक्कांना तसं स्पष्ट सांगितलं. म्हणून सुया एकीकडं आणि निकोटीनचा च्युइंगम, सरकारी तंबाखूमुक्ती फोनसेवा (१८००-११-२३५६) दुसरीकडं, दोन्ही ठेवलं. फोनवर आक्कांची नात बोलली, आक्का शेजारून उत्तरं देत होत्या.

बैठकीत तिघी मिश्रीवाल्या आणि सोबत म्हणून अजून दोघी, कानात सुया घेऊन बसल्या. गप्प बसायचं हे काही जमलं नाही. पेठेतल्या पाच बायका एका खोलीत गप्प? पण मिश्रीची वेळ झाली तेव्हा काय होतं ते त्या एकमेकींना सांगत होत्या: हिरड्या शिवशिवतात, डोकं जड होतं, उगाच राग येतो. आक्का म्हणाल्या, "दुपारच्याला भांडी घासून झाली की हात आपसूक डबीकडं जातोय." मग भांड्यांनंतरची वेळच आम्ही धरली. डबी फळीवर उंच, खाली वाटीत बडीशेप आणि लवंग. आधी दुपारची सोडायची, सकाळची शेवटी.

१९ जुलै

आखाड. टेंबलाई देवीला पाणी घालायला मिरवणुका निघताहेत, पी ढबाक वाजतंय, गल्लोगल्ली मटणाचे वाटे. अशा दिवसांत तांबडा-पांढरा बंद म्हणून सांगणारी मी कोण? डॉक्टरबाईंना विचारलं तर त्यांच्या शास्त्रात मटण उष्ण आणि बळ देणारं, पावसाळी गारठ्यात अशक्त बाईला चांगलं. ही बातमी तासाभरात सगळ्यांकडं पोचली: चिनी डॉक्टरनं मटण खायला मोकळीक दिलीय!

माझी अट एवढीच घातली की दुपारी खायचं, रात्री नाही. मटण पोटभर. रस्सा मात्र वाटीवर वाटी ओतून घ्यायचा नाही. मीठ आणि तेल तिथंच असतं. तवंग बाजूला सारून पळी खाली घालायची. पोट थोडं रिकामं असताना उठायचं. चिनी घरांतही दहापैकी सात भागच पोट भरायचं, असं सांगतात. हे ऐकून मंगळवार पेठेतल्या वहिनी म्हणाल्या, "आमच्यात पाहुण्याला उठूच देत नाहीत, त्याचं काय?" याला माझ्याकडं उत्तर नाही.

२५ जुलै

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, पाणी ४३ च्या धोका पातळीकडं चाललंय. सुतारवाड्यातल्या मावशींचं घर हलवलं. बैठक रद्द. सगळ्यांना एकच निरोप: पाणी उकळून प्या, पोट बिघडलं तर ओआरएस घ्या, आणि घरात ती चहाची पाकिटं उरली असतील तर या दिवसांत चुकूनही नको.

१ ऑगस्ट

एकीची मुलगी बी.एस्सी.ला आहे. तिनं आईच्या वहीत मागच्या पानावर मला प्रश्न लिहून पाठवला: मग चिनी औषधं सगळी खोटीच का?

दोन उदाहरणं लिहून दिली. १९६७ मध्ये चीनमध्ये मलेरियावर औषध शोधायचा गुप्त प्रकल्प सुरू झाला, क्रमांक ५२३. तू यूयू यांच्या गटानं जुन्या ग्रंथांतले शेकडो उपाय चाळले. एका वनस्पतीचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या एका नोंदीत ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उकळायचा उल्लेख नव्हता. तू यूयूंना शंका आली की उकळण्यातच गुण जात असेल. कमी तापमानाला उकळणारं इथर वापरून अर्क काढला आणि नमुना क्रमांक १९१ प्राण्यांवर पूर्ण उतरला. आधी स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं आणि २०१५ चं नोबेल.

दुसरं ब्रुसेल्सचं. १९९०च्या सुमारास तिथल्या वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात गोळ्यांमध्ये चिनी वनस्पती घालायला लागले. एका वनस्पतीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरी आली, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींना पुढं मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. यातलं विष म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. आपली ईश्वरी ऊर्फ सापसन त्याच कुळातली आहे आणि काष्ठौषधीवाल्यांकडं मिळते. 'इतर वनस्पती' असं ज्यावर छापलंय ते पाकीट मी का परत करते, ते या एका गोष्टीत आलं.

मुलीचा परत निरोप: 'नमुना १९१' हे नाव तिला फार आवडलं.

८ ऑगस्ट

श्रावण लागला. मटण आपोआप बंद, पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले पापड सुरू. उपवासाला वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिरा सुचवलाय. सोमवारी रिकाम्या पोटी पाच वेळा चहा पिणाऱ्यांना जळजळ होणारच. त्यांना गरम पाण्यात आलं आणि सुंठ-गुळाची गोळी दिली. गूळ आपल्या मार्केट यार्डातला असला तरी ती साखरच आहे, हे दरवेळी सांगावं लागतं आणि दरवेळी कुणीतरी दुखावतं.

२० ऑगस्ट

आठ आठवडे पुरानं लांबले. शेवटची मोजणी झाली. वजन काहींचं उतरलं, काहींचं जागचं हललं नाही. कंबरेचा टेप बहुतेकींचा थोडा आत आला. रात्रीची जळजळ गेली असं जवळपास सगळ्या म्हणतात. माझ्या मते त्याचं श्रेय सातच्या पेजेला. सकाळचं पोट कसलीही पुडी न घेता साफ होतंय. पण यात पेज किती, वाफवलेल्या भाज्या किती आणि वही लिहावी लागते या धाकानं काय काय टळलं, हे वेगळं काढता येणार नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता. कुणी 'चिनी पद्धतीनं गुण आला' म्हणून लिहिणार असेल तर माझं नाव घालू नये.

ज्येष्ठमधवाल्या वहिनींचं बीपी गोळी न वाढवता खाली आलं. गुडघ्याच्या गोळ्यांवाल्या चौघींपैकी एकीचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. तिच्या गोळ्या बंद करून डॉक्टरांनी व्यायाम आणि शेक सांगितलाय. पुढची तपासणी त्यांच्याकडंच. आक्कांची दुपारची आणि रात्रीची मिश्री सुटली. सकाळची अजून आहे. बाकीच्या दोघींपैकी एकीची पूर्ण सुटली, दुसरी बैठकीला यायची थांबली. तिच्या घरी जाणार आहे.

२९ ऑगस्ट

पत्रक तयार. पुढच्या बाजूला राळे-मुगाचं प्रमाण, पावसाळी भाज्या, सातची वाटी, आखाड आणि श्रावण. मागच्या बाजूला दुकानात विचारायचे प्रश्न: परवाना क्रमांक आहे का, प्रत्येक वनस्पतीचं नाव छापलंय का, सोनामुखी किंवा रेवंदचिनी आहे का, बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना पाकीट दाखवलं का. फोनसेवेचा नंबर मोठ्या अक्षरात. जिभेचा तक्ता घालायचा डॉक्टरबाईंचा आग्रह होता. तो काढला, नाहीतर लोक आरशात बघून स्वतःच निदान करत बसतील. बाईंनीही ते मान्य केलं.

उद्यमनगरच्या दादांनी बादलीचा प्रयोग गणपतीत मंडपात करून दाखवायची तयारी दाखवलीय. मंडळाचं म्हणणं, आरतीनंतर दहा मिनिटं मिळतील. प्रेसवाल्यांकडं सध्या मंडळांच्या पावत्यांची गर्दी आहे, पत्रकं गुरुवारी मिळतील. तोवर मीठ, पट्ट्या आणि जुना चार्जर एका पिशवीत काढून ठेवायचं, आणि मंडपातल्या विजेचं वायरमनला विचारून घ्यायचं.